कारखान्यातली वर्गणी वाडीपर्यंत नेताना

कोकणात कामाच्या ठिकाणी मदतीची मोहीम उभारणाऱ्याला एक मोठी सोय असते. लोटे परशुरामच्या किंवा रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणारी बरीच माणसे आसपासच्या वाड्यांतलीच असतात, त्यामुळे कोणत्या शाळेचे छप्पर गळते आणि कोणत्या विहिरीने एप्रिलमध्येच तळ गाठला, हे सांगायला बाहेरचा माणूस लागत नाही. तरीही बहुतेक मोहिमा उलट्या टोकाने सुरू होतात. आधी खोके ठेवले जाते, ते भरते, आणि मग ते कोणाला द्यायचे याचा शोध सुरू होतो. आमच्या कारखान्यात एका वर्षी अशाच रीतीने ४०० वह्या जमल्या. ज्या जिल्हा परिषद शाळेत त्या नेल्या, तिचा पट १७ मुलांचा निघाला. गुरुजींनी वह्या ठेवून घेतल्या आणि जरा संकोचानेच विचारले की पडवीतून पावसाची झड वर्गात येते, तिथे आडोसा करून मिळेल का.

म्हणून सूचना फलकावर काहीही लावण्यापूर्वी दोघांनी प्रत्यक्ष जाऊन विचारून यावे. शाळा असेल तर मुख्याध्यापकांना, वाडी असेल तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), आशा कार्यकर्ती आणि बचत गटातील महिला यांना वेगवेगळे विचारावे, कारण प्रत्येकाला दिसणारी गरज वेगळी असते. उत्तर वस्तू, नग, माप आणि तारीख अशा चार गोष्टींसह लिहून घ्यावे. सरकारकडून जे मिळतेच ते पुन्हा गोळा करू नये. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके सरकारी शाळांत मोफत मिळतात, मात्र रेनकोट, छत्र्या किंवा पत्रे यांची वानवा असते. शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि पाऊसही त्याच सुमारास येतो, तेव्हा ही खरेदी मे महिन्यातच उरकावी. गणपतीच्या महिन्यात मोहीम ठेवूच नये. तेव्हा निम्मी माणसे रजेवर असतात आणि उरलेल्यांचे खिसे रिकामे झालेले असतात.

पैशाच्या बाबतीत सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे देणाऱ्याची इच्छा. एक दिवसाचे वेतन देण्याची पद्धत सोपी असली, तरी कपात प्रत्येकाच्या लेखी संमतीशिवाय करू नये, आणि ‘नको असल्यास कळवा’ असे लिहून गप्प बसलेल्यांचा होकार गृहीत धरू नये. पर्यवेक्षकाने आपल्याच हाताखालच्या माणसांकडून वर्गणी घेऊ नये. ते काम दुसऱ्या विभागातील कोणाकडे तरी द्यावे. कोणी किती दिले याची यादी लावू नये. कंत्राटी कामगाराला मोहिमेची माहिती जरूर द्यावी, पण त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. त्याने एक छत्री आणून दिली तर तीही तितक्याच आदराने नोंदवून घ्यावी.

व्यवस्थापन जमलेल्या रकमेइतकी भर घालणार असेल, तर तिची कमाल मर्यादा आधीच लेखी घ्यावी. इथे एक गल्लत वारंवार होते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ती जबाबदारी कंपनीची आहे. कर्मचाऱ्यांनी पगारातून दिलेले पैसे त्या खात्यात दाखवता येत नाहीत. कारखान्याबाहेर, बाजारपेठेत किंवा एसटी स्थानकावर डबा फिरवायचा असेल, तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे रीतसर अर्ज करावा. देणगीवरची प्राप्तिकराची सवलत (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०जी) हवी असणाऱ्यांना हेही सांगून ठेवावे की ती जुन्या करपद्धतीतच मिळते, २,००० रुपयांवरील रोख देणगीला मिळत नाही आणि वस्तुरूप देणगीला तर मुळीच नाही.

आपत्तीनंतरची मोहीम हा वेगळाच विषय आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि ते ओसरल्यावर घराघरांत, दुकानादुकानांत चिखल उरला. अशा वेळी पहिल्या आठवड्यात फावडी, खराटे, फिनेल, गमबूट, मेणबत्त्या, पिण्याचे पाणी आणि सॅनिटरी पॅड लागतात. जुने कपडे मात्र लागतात त्याहून कितीतरी जास्त येतात, आणि पावसात ते वाळत नाहीत, कुबट होऊन उकिरड्यावर जातात. कपडे घ्यायचेच असतील तर न वापरलेले, मापाप्रमाणे बांधलेले आणि गठ्ठ्यावर चिठ्ठी लावलेले घ्यावेत.

ज्यांना पैसे देणे जड जाते, त्यांच्यासाठी श्रमदान आहे, आणि माझ्या मते कोकणात तेच अधिक टिकाऊ ठरते. पाऊस परतल्यावर, वहाळ (ओढा) अजून वाहता असताना, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास वनराई बंधारा, म्हणजे पाणी अडवणारी गोण्यांची तात्पुरती भिंत, घालता येतो. जागा ग्रामपंचायतीला विचारून ठरवावी, रिकाम्या गोण्या वाळू-मातीने भरून त्यांची तोंडे शिवावीत आणि विटांसारखे सांधे चुकवत त्यांचे थर रचावेत. गोण्या सिमेंटच्या चालतात. रासायनिक कारखान्यातील कच्च्या मालाच्या गोण्या, कितीही धुतल्या तरी, वापरू नयेत, कारण तेच पाणी गुरे पितात आणि तेच विहिरीत झिरपते. रक्तदान शिबिर घ्यायचे तर उन्हाळ्याच्या सुटीत घ्यावे, कारण त्या काळात रक्ताचा तुटवडा असतो. पुरुषांनी दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि महिलांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. रात्रपाळी संपवून थेट आलेल्याला झोप घेऊन यायला सांगावे.

वस्तू मुख्याध्यापकांच्या किंवा सरपंचांच्या स्वाधीन करून पोच घ्यावी. मुलांना रांगेत उभे करून, हातात छत्री देऊन छायाचित्र काढू नये; वाडीतल्या त्या मुलाचा बाप कदाचित आपल्याच शेजारच्या यंत्रावर काम करीत असतो. आठवडाभरात जमा, खर्च, बिले आणि पोच यांचा कागद, जिथे पहिली सूचना लावली होती त्याच फलकावर लावावा आणि शिल्लक ४० रुपये असली तरी ती कोणाकडे आहे हे त्यात लिहावे.