लिनक्सवरूनच गेम क्लायंटची विंडोज आवृत्ती बांधताना

सी++ मध्ये लिहिलेला गेम क्लायंट लिनक्सवर नीट चालू लागला, की पुढची मागणी ठरलेलीच असते: विंडोजवर चालणारी ईएक्सई फाईल कुठे आहे? त्यासाठी वेगळे यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन उभे करून, त्यावर सगळी साधने नव्याने बसवून, प्रत्येक आवृत्तीच्या वेळी तिकडे जाऊन बांधणी करणे हा एक मार्ग आहे. परंतु लिनक्सवर बसूनच विंडोजसाठी क्रॉस-कंपाइल करता येते, म्हणजे एका प्रणालीवर दुसऱ्या प्रणालीसाठीचा प्रोग्राम बांधता येतो, आणि एकदा त्याची घडी बसली की दोन्ही आवृत्त्या एकाच स्क्रिप्टमधून बाहेर पडतात. या कामात कंपायलर बसवणे हा सर्वांत सोपा भाग आहे. डोकेदुखी सुरू होते ती लिनक्सच्या हेडर (फंक्शनांच्या घोषणा असलेल्या) व लायब्ररी (तयार कोडच्या) फायली विंडोजच्या बांधणीत नकळत शिरल्यामुळे, आणि म्हणून पुढच्या बऱ्याचशा सूचना या ना त्या प्रकारे ही सरमिसळ टाळण्याविषयीच आहेत.

चित्र, आवाज व कीबोर्डसाठी एसडीएल २, सर्व्हरशी बोलण्यासाठी सॉकेट, आकसलेल्या नकाशा-फायली उलगडण्यासाठी झेडलिब आणि बांधणीसाठी सीमेक वापरणारा क्लायंट आपण येथे गृहीत धरू. आज्ञांची व फायलींची नावे उच्चारानुसार लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगप्रमाणे टंकावीत.

डेबियन व उबुंटूवर ‘मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४’ हे एकच पॅकेज बसवले, की सी व सी++ चे कंपायलर, लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारे साधन) आणि विंडोजची हेडरे एकदम मिळतात. या संचातील प्रत्येक साधनाच्या नावाआधी ‘एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२’ असा लांबलचक उपसर्ग असतो. त्यातील शेवटचे ३२ पाहून अनेकजण चुकीचे पॅकेज बसले असे समजतात. तो आकडा केवळ जुन्या नावाचा अवशेष असून हा कंपायलर ६४-बिटच आहे. ३२-बिटसाठीचा उपसर्ग ‘आय६८६’ ने सुरू होतो. आज नव्या क्लायंटसाठी ३२-बिट आवृत्ती काढण्याच्या फंदात पडू नये, असे माझे मत आहे.

डेबियनमध्ये याच कंपायलरचे ‘विन३२’ आणि ‘पोसिक्स’ असे दोन प्रकार मिळतात, आणि त्यांतील फरक थ्रेडच्या, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांच्या, व्यवस्थेचा आहे. जीसीसी या कंपायलर-संचाच्या १३ च्या आधीच्या आवृत्त्यांत विन३२ प्रकारात सी++११ चे थ्रेड व म्युटेक्स (थ्रेडांमधले कुलूप) उपलब्धच नव्हते, त्यामुळे लिनक्सवर बिनतक्रार कंपाइल होणारी फाईल येथे ‘एसटीडी मध्ये म्युटेक्स नावाचे काही नाही’ अशी तक्रार करते आणि माणूस हेडरमध्ये चूक शोधत बसतो. ‘अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज’ या आज्ञेने पोसिक्स प्रकार निवडावा, किंवा कंपायलरच्या नावाला ‘-पोसिक्स’ हा प्रत्यय जोडून तोच थेट वापरावा.

यानंतर लायब्ररींचा प्रश्न येतो. लिनक्सवर आधीच बसवलेली एसडीएल येथे काहीही उपयोगाची नाही. प्रत्येक लायब्ररीची विंडोजसाठी बांधलेली प्रत लागते. फेडोराच्या भांडारात ‘मिंगडब्ल्यू६४-’ या उपसर्गाने अशा पुष्कळ लायब्ररी तयार मिळतात, तर डेबियनमध्ये झेडलिबसारख्या मोजक्याच आहेत. एसडीएलचा प्रकल्प स्वतः मिंगडब्ल्यूसाठी वेगळा विकास-संच देतो. तो उलगडल्यावर आत ३२-बिट व ६४-बिट असे दोन फोल्डर दिसतात, त्यांतील ६४-बिटचा घ्यावा. येथे एक मोह टाळावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ साठी बांधलेल्या सी++ लायब्ररी शोधायला सोप्या असल्या, तरी त्यांतील फंक्शनांची अंतर्गत नावे सजवण्याची पद्धत जीसीसीहून वेगळी असल्यामुळे त्या लिंक होत नाहीत. शुद्ध सी चा इंटरफेस असलेली डीएलएल (विंडोजवर वेगळ्या फाईलमध्ये राहणारी लायब्ररी) मात्र सहसा चालून जाते. त्याचप्रमाणे जुन्या एमएसव्हीसीआरटी या रनटाइमवर (सी च्या मूलभूत फंक्शनांच्या विंडोजवरील लायब्ररीवर) बांधलेल्या लायब्ररी आणि नव्या यूसीआरटीवर बांधलेल्या लायब्ररी एका प्रकल्पात मिसळू नयेत. लायब्ररींची यादी लांब असेल, तर एमएक्सई हा प्रकल्प त्या सगळ्या मुळापासून बांधून देतो. पहिल्या बांधणीला बराच वेळ लागतो, पण ती एकदाच करावी लागते.

मिळवलेल्या सर्व लायब्ररी मी ‘/यूएसआर’ मध्ये न टाकता प्रकल्पाशेजारी ‘विन-रूट’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो, ज्याच्या पोटात ‘इन्क्लूड’, ‘लिब’ आणि ‘बिन’ हे तीन उपफोल्डर असतात. लायब्ररी स्वतः बांधायची वेळ आल्यास आणि ती बांधणीसाठी सीमेकऐवजी ऑटोटूल्स ही साधने वापरत असल्यास, कॉन्फिगर स्क्रिप्टला ‘--होस्ट’ या पर्यायात वरचा लांब उपसर्ग द्यावा. ‘होस्ट’ म्हणजे बांधणी करणारे यंत्र असा समज स्वाभाविक आहे, पण ऑटोटूल्सच्या भाषेत बांधणी करणारे यंत्र म्हणजे ‘बिल्ड’ आणि तयार प्रोग्राम जिथे चालणार ते ‘होस्ट’. ‘टार्गेट’ हा तिसरा शब्द फक्त कंपायलर स्वतः बांधणाऱ्यांच्या कामाचा आहे.

आता सीमेकसाठी टूलचेन फाईल, म्हणजे कोणती साधने वापरायची हे सांगणारी फाईल, लिहावी. तिच्यात दहाएक ओळी पुरतात, परंतु त्यांतील प्रत्येक ओळ महत्त्वाची आहे. ‘सीमेक_सिस्टम_नेम’ ला ‘विंडोज’ हे मूल्य द्यावे. त्यावरून आपण क्रॉस-कंपाइल करत आहोत हे सीमेकला समजते. सी व सी++ कंपायलरची उपसर्गासह नावे द्यावीत आणि रिसोर्स कंपायलर म्हणून ‘विंडरेस’ द्यावा, कारण ईएक्सईला आयकॉन चिकटवण्याचे काम तोच करतो. ‘सीमेक_फाइंड_रूट_पाथ’ मध्ये कंपायलरचा स्वतःचा फोल्डर व आपला विन-रूट असे दोन मार्ग लिहावेत. त्यानंतर शोधाच्या चार पद्धती ठरवाव्यात: प्रोग्रामसाठी ‘नेव्हर’, आणि लायब्ररी, हेडर व पॅकेज या तिन्हींसाठी ‘ओन्ली’. याचा अर्थ असा, की बांधणीच्या वेळी चालवायचे प्रोग्राम लिनक्सचेच राहतील, पण जोडायच्या वस्तू मात्र फक्त विंडोजच्या रूटमधूनच घेतल्या जातील. हा ‘ओन्ली’ विसरला, तर सीमेक आनंदाने लिनक्सची झेडलिब शोधून काढतो आणि तक्रार थेट लिंकिंगच्या वेळी, तीही अगम्य शब्दांत, पुढे येते.

टूलचेन फाईल पहिल्या कॉन्फिगरच्या वेळीच द्यावी आणि बांधणीसाठी नवा, रिकामा फोल्डर वापरावा. फाईलमध्ये नंतर बदल केल्यास तो फोल्डर पूर्ण पुसून पुन्हा सुरुवात करावी. जुन्या कॅशमध्ये पहिल्या वेळचे निष्कर्ष तसेच पडून राहतात आणि केलेला बदल लागू झाला नाही असे वाटत राहते.

सरमिसळीची दुसरी चोरवाट पीकेजी-कॉन्फिगची, म्हणजे लायब्ररी कुठे आहे ते बांधणीला सांगणाऱ्या साधनाची, आहे. ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ हा चल नेहमीचा मार्ग तसाच ठेवून त्यात फक्त भर घालतो, म्हणून विन-रूटमध्ये एखादी लायब्ररी नसेल तर तो लिनक्सची पुढे करतो. त्याऐवजी ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडीर’ वापरावा, जो नेहमीचा मार्ग पूर्णपणे बदलून टाकतो. बाहेरून आणलेल्या संचांतील, हे साधन ज्या वाचते त्या पीसी फायलींमध्ये भलत्याच फोल्डरचा मार्ग लिहिलेला असू शकतो, तोही उघडून पाहावा.

एवढे झाल्यावर कंपायलर चालू लागतो आणि मग आपल्याच कोडमधील गृहीतके उघडी पडतात. लिनक्सवर फायलींच्या नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद असल्यामुळे पहिल्या मोठ्या अक्षराने लिहिलेले ‘विंडोज.एच’ सापडत नाही. मिंगडब्ल्यूमध्ये ते पूर्ण लहान अक्षरांत आहे. सॉकेटसाठी ‘विनसॉक२.एच’ हे हेडर ‘विंडोज.एच’ च्या आधी घ्यावे, पहिल्या सॉकेटपूर्वी ‘डब्ल्यूएसए-स्टार्टअप’ बोलवावे आणि लिंक करताना ‘डब्ल्यूएस२_३२’ ही लायब्ररी यादीच्या शेवटी ठेवावी, कारण हा लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि गरज निर्माण होण्याआधी आलेल्या स्टॅटिक लायब्ररीतून काहीच उचलत नाही. याच कारणाने एसडीएल २ चा क्रमही ‘मिंगडब्ल्यू३२’, मग ‘एसडीएल२मेन’, मग ‘एसडीएल२’ असाच असावा. ‘विनमेन’ सापडत नाही अशी तक्रार आली, तर बहुधा एसडीएल२मेन राहून गेलेले असते. मुख्य फंक्शनही दोन्ही आर्ग्युमेंटांसह पूर्ण लिहिलेले असले पाहिजे.

यापेक्षा घातक असतात त्या चुका, ज्या कंपायलर दाखवत नाही. ६४-बिट लिनक्सवर ‘लाँग’ हा प्रकार ८ बाइटचा, तर ६४-बिट विंडोजवर तो ४ बाइटचा असतो. नेटवर्कवरून जाणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये लाँग वापरलेला असेल, तर सर्व्हर आणि क्लायंट यांचे संवाद पहिल्याच पॅकेटला तुटतात. तेथे ‘इंट३२_टी’ व ‘इंट६४_टी’ यांसारखे नेमक्या मापाचे प्रकारच वापरावेत. दुसरी चूक मला स्वतःला चांगलीच भोवली आहे. एका क्लायंटमध्ये बाकी सर्व नकाशे व्यवस्थित उघडत होते, पण एकच नकाशा विंडोजवर अर्ध्यातच संपत होता. दोन दिवस मी झेडलिबवर संशय घेत राहिलो. शेवटी हेक्स एडिटरमध्ये फाईल उघडून वाचन जिथे थांबत होते ती जागा पाहिली, तेव्हा तेथे २६ या मूल्याचा एक बाइट बसलेला दिसला. विंडोजवर टेक्स्ट पद्धतीने उघडलेल्या फाईलमध्ये २६ म्हणजे फाईल संपल्याची खूण असते, आणि मी ‘एफओपन’ ला ‘आर’ च्या जागी ‘आरबी’ द्यायला विसरलो होतो. लिनक्सला या दोहोंत काहीच फरक नसल्यामुळे ती चूक वर्षभर तशीच झाकून राहिली होती. तेव्हापासून क्रॉस-कंपाइलच्या आधी मी सगळ्या एफओपन आणि एफस्ट्रीम यांच्यावरून एकदा ग्रेप हे शोधसाधन फिरवतो.

वापरकर्त्याच्या नावात इंग्रजीबाहेरची अक्षरे असली, तर त्याच्या फोल्डरमधील सेटिंगची फाईलही साध्या एफओपनने उघडेलच असे नाही, कारण तेथे मार्ग यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात गृहीत धरलेला नसतो. एसडीएलची फाईल उघडण्याची फंक्शने यूटीएफ-८ मार्ग घेतात, तीच वापरावीत.

बांधणीच्या दरम्यानच चालवायचा एखादा छोटा प्रोग्राम प्रकल्पात असेल, उदाहरणार्थ चित्रांची एकत्र गाठोडी करणारा, तर तोही आता ईएक्सई म्हणून तयार होतो आणि लिनक्स त्याला चालवण्यास नकार देतो. असे प्रोग्राम आधी साध्या कंपायलरने वेगळ्या फोल्डरमध्ये बांधावेत आणि क्रॉस बांधणीला त्यांचा मार्ग द्यावा. लुआ भाषा चालवणाऱ्या लुआजिटच्या बाबतीत ही सोय आधीच आहे: ‘होस्ट_सीसी’, ‘क्रॉस’ आणि ‘टार्गेट_सिस’ ही तीन मूल्ये दिली की पुरे.

ईएक्सई तयार झाली, पण ती एकटी पुरत नाही. ‘ऑब्जडंप’ ला ‘-पी’ हा पर्याय देऊन तिच्यावर चालवावे आणि त्यातून ‘डीएलएल नेम’ असलेल्या ओळी गाळून घ्याव्यात. कर्नल३२ किंवा यूझर३२ यांसारखी नावे विंडोजची स्वतःची आहेत, त्यांची काळजी करू नये. ‘लिबजीसीसी_एस_एसईएच-१’, ‘लिबएसटीडीसी++-६’, ‘लिबविनपीथ्रेड-१’ आणि ‘एसडीएल२’ ही मात्र आपण सोबत द्यायची असतात. पहिली दोन ‘-स्टॅटिक-लिबजीसीसी’ व ‘-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++’ या पर्यायांनी ईएक्सईच्या पोटातच घेता येतात. विनपीथ्रेड त्यांना दाद देत नाही, तिच्यासाठी पूर्ण ‘-स्टॅटिक’ किंवा लिंकरला वेगळी सूचना लागते. ओपनएएल सॉफ्टसारख्या एलजीपीएल परवान्याच्या लायब्ररी मी डीएलएल म्हणूनच शेजारी ठेवतो, म्हणजे परवान्याच्या अटी पाळणे सोपे जाते. हीच तपासणी प्रत्येक डीएलएलवरही करावी, कारण तिच्या पोटी आणखी डीएलएलांची गरज लपलेली असू शकते.

पहिली चाचणी लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनमध्ये घ्यावी, पण बांधणीच्या फोल्डरमधून नव्हे. ईएक्सई, डीएलएल आणि खेळाची सामग्री रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी करून, नवा वाइनप्रीफिक्स (वाइन ज्याला विंडोजची डिस्क मानतो तो फोल्डर) घेऊन आणि ‘वाइनपाथ’ हा चल रिकामा ठेवून ती चालवावी. अन्यथा विन-रूटमधील डीएलएल गुपचूप उचलली जाते आणि आपल्याकडे चालणारा खेळ दुसऱ्याकडे सुरूही होत नाही. खेळ सुरू होताना काळी कन्सोल खिडकी दिसत असेल, तर अंतिम आवृत्तीत ‘-एमविंडोज’ हा पर्याय द्यावा. चाचणीच्या काळात ती खिडकी राहू द्यावी, कारण चुकांचे संदेश तिथेच उमटतात. वाइन समाधानी झाला तरी ग्राफिक्स ड्रायव्हर, पूर्ण पडद्याचा मोड आणि फायरवॉल यांची वागणूक खऱ्या विंडोजवरच कळते, तेव्हा निदान एका विंडोज यंत्रावर क्लायंट सर्व्हरला जोडून काही काळ खेळून पाहावा.

शेवटी उपसर्गासह असलेल्या ‘स्ट्रिप’ या साधनाने ईएक्सई हलकी करावी, परंतु त्याआधीची डिबग माहितीसह असलेली प्रत आवृत्तीच्या क्रमांकानिशी जपून ठेवावी. खेळाडूकडून क्रॅशचा पत्ता आला, तर ‘अॅडर२लाइन’ त्याच प्रतीवरून कोडमधील ओळ सांगू शकतो.