सराउंड स्पीकर छताजवळून खाली आणले, सेंटर स्पीकर बाहेर ओढला, तेव्हा कुठे संवाद कळू लागले

आमच्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला. ५.१ चा सेट (पाच स्पीकर आणि बास म्हणजे जड आवाजासाठी एक सबवूफर) बसवणाऱ्याने सराउंड स्पीकर, म्हणजे आजूबाजूचे आवाज देणारे दोन, त्याच भिंतीच्या कोपऱ्यांत, पार छताजवळ ठोकले होते. पाऊस पडला की डोक्यावर पत्रा वाजल्यासारखा आवाज, आणि संवाद मात्र पुटपुटल्यासारखे.

५.१ मध्ये सराउंड स्पीकरची जागा पाठीमागे नसते, बाजूला असते. समोरच्या मध्यरेषेपासून ९० ते ११० अंशांवर ते हवेत. म्हणून बाजूच्या भिंतींवर, सोफ्याच्या रेषेपेक्षा जरासे मागे, बसल्यावर कानाच्या दीड-दोन फूट वर लावले. सोफाही भिंतीपासून सुटा केला. त्याने घुमणारा बास बराच आवरला.

खरा फरक पडला तो सेंटर स्पीकरने, म्हणजे टीव्हीखालच्या, मुख्यतः संवाद ऐकवणाऱ्या स्पीकरने. तो टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला होता, त्यामुळे आवाज फळीवर आपटून गढूळ व्हायचा. कडेपर्यंत बाहेर ओढला आणि पुढून रबरी गुट्ट्या सरकवून तोंड कानाच्या दिशेने वर केलं. संवाद ताबडतोब मोकळे झाले! नवे स्पीकर घ्यायच्या आधी एवढं कराच.

मग टेपने प्रत्येक स्पीकरचं बसायच्या जागेपासूनचं अंतर मोजून रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर चालवणाऱ्या डब्यात) भरलं. आवाजाला एक फूट कापायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, त्या हिशेबाने, सगळ्यांचा आवाज एकदम पोचावा म्हणून, रिसीव्हर जवळच्या स्पीकरला थांबवून धरतो. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ ठेवला. वायरी जोडताना लाल-काळी दोन्ही टोकांना तपासा. एकीकडे उलटी लागली तर बास पातळ होतो.