आज्जीच्या हातावरलं गोंदण आपल्या हातावर कसं घ्यायचं

आमच्या खानापूर, निपाणीकडं म्हाताऱ्या बायकांच्या हातावर अजून गोंदण दिसतंय बघा, तुळशी वृंदावन, विंचू, ओळीनं ठिपके, कन्नडवाले ह्यालाच हच्चे म्हणतात. आता पोरं टॅटू काढायला जातात तेव्हा मोबाईलवरनं पंख नाहीतर इंग्लिश अक्षरं शोधतात आणि आज्जी तिथंच शेजारी बसलेली असते. मला मनापासून वाटतंय की घरातलंच घ्या, पण नीट उतरवून घ्या, नुसता फोटो दाखवला की काम बिघडतंय.

का बिघडतंय ते सांगतो. शाई वरच्या कातडीत नसते, वरची कातडी सारखी झडून जाते, शाई त्याच्या खालच्या थरात, एक-दोन मिलिमीटरवर बसलेली असते, आणि तिथं ती वर्षानुवर्षं हळूहळू पसरत राहते. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी गोंदणारणीनं सुटे टोचलेले ठिपके आज एकमेकांत मिसळून रेघ झालेत. आर्टिस्टनं ती रेघच काढली तर तुमच्या हातावर पुढं नुसता हिरवट-निळा डाग राहणार.

म्हणून आधी घरी बसा. सकाळच्या उजेडात अंगणात, आज्जीचा हात धुवून पुसून, कातडी हळूच ताणून धरायची, सुरकुत्यांत अर्धं डिझाईन लपलेलं असतंय. वर पारदर्शक प्लास्टिक शीट ठेवून बारीक मार्करनं ठिपका-ठिपका उतरवा आणि उतरवताना विचारत राहा. मी माझ्या आज्जीच्या मनगटावर रेघ समजून बसलेलो, कातडी ताणली तर पाच ठिपके निघाले आणि ती म्हणाली, "रेघ न्हवं बाळा, पाच पांडव हाईत ते." हे फोटोत कधीच कळलं नसतं. मग ते बटर पेपरवर साफ काढा, ठिपक्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडूनच, आर्टिस्ट जवळजवळ घेतो म्हणाला तरी ऐकू नका.

जागा ठरवताना एक गोष्ट, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, आपल्याकडची कितीतरी पोरं भरतीची तयारी करतात. सैन्यात कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूलाच चालतो, दंडावर, छातीवर, मानेवर असला तर अडचण. जाहिरात वाचूनच सुई लावून घ्या.

जत्रेतल्या स्टॉलवर अजिबात नको. माझा पहिला टॅटू तसलाच, सुई जास्त खोल गेली आणि कडा ओघळल्या, त्या आजपण तशाच आहेत. पण खरी भीती त्याची नाही, एकच सुई दहाजणांना लावली की हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, काहीपण येऊ शकतं. दुकानात सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, शाई छोट्या कपात नवी ओतलेली पाहिजे, ग्लोव्हज नवे. परत वापरायचं सामान असलं तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेनं जंतू मारायचं यंत्र, कुठाय विचारा, तिथं 121 डिग्रीला पंधरा मिनिटं तरी वाफ लागते, गरम पाण्यात बुडवलं म्हणजे झालं असं नाही. रंग काळाच घ्या, जुनं गोंदण काजळीचंच असायचं आणि ॲलर्जी सगळ्यात जास्त लाल शाईची होते. शुगर असली किंवा जुन्या जखमांचे वण फुगत असले तर आधी डॉक्टर.

महिना निवडा दिवाळीनंतरचा. पावसाळ्यात भातलावणीच्या चिखलात हात घातला की ताज्या टॅटूची वाट लागली. आणि सौंदत्तीला यल्लम्माला जायचं असलं तर टॅटू आधी नाही, जाऊन आल्यावर काढा, तिथं भंडारा उधळतात, हळद असली तरी उघड्या जखमेवर ती धूळच. घरी दिवसातनं दोनदा वास नसलेल्या साबणानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मलम अगदी पातळ. खाज सुटते तेव्हा थोपटा, खपली काढली की तिथली शाईपण निघते. दोन-तीन आठवडे नदी, विहीर, पोहणं बंद. लाली पसरायला लागली, पू किंवा ताप आला तर थांबू नका, सरळ दवाखाना. रक्तदान करत असाल तर 12 महिने थांबावं लागतंय, तेपण आधीच धरून चाला.

महिन्याभरानं एखादा ठिपका फिका वाटला तर टच-अपला जा, जाताना तो बटर पेपर बरोबर घ्या, आणि त्याच्या मागं आज्जीनं सांगितलेलं प्रत्येक ठिपक्याचं नाव लिहून ठेवा, तिच्याच शब्दांत.