पट्टीवरची शेवटची रक्कम म्हणजे विक्री नव्हे : शेतीचा हिशोब सॉफ्टवेअरवर घेताना या चुका टाळा

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत शेतकरी उत्पादक कंपन्यांचे सभासद, बचत गटांतल्या महिला आणि घरची शेती हाती घेतलेली तरुण मुले यांना मी टॅली या सॉफ्टवेअरवर शेतीचा हिशोब ठेवायला शिकवतो. प्रत्येक तुकडीत त्याच त्या चुका पुन्हा समोर येतात. शेतकऱ्याला आकडेमोड जमत नाही म्हणून त्या होतात, असे मला कधीही वाटलेले नाही, कारण दहा किलोच्या भावावरून संपूर्ण ट्रॅक्टरचे पैसे तोंडी सांगणारी माणसे याच भागात आहेत. खरी अडचण अशी आहे की हे सॉफ्टवेअर व्यापाऱ्याच्या दृष्टीने तयार झालेले आहे, आणि ते शिकवणारेही बहुधा किराणा दुकानाचीच उदाहरणे देतात. दुकानात सकाळी आणलेला माल संध्याकाळी विकला जातो. शेतात डिसेंबरात घातलेला पैसा पुढच्या ऑक्टोबरात परत येतो, आणि तोही मधल्या चार कपाती होऊन.

पट्टीतली निव्वळ रक्कम विक्री म्हणून टाकणे

या एका चुकीवर मी अख्खा दिवस घालवतो, कारण तिचे परिणाम मी एका घरात जवळून पाहिले आहेत. एका गटातली सून अत्यंत मन लावून शिकली होती. वर्षभर तिने एकही पट्टी, म्हणजे बाजारात माल विकून देणाऱ्या आडतदाराने दिलेली विक्रीची चिठ्ठी, सोडली नाही, एकही पावती हरवू दिली नाही. वर्षाच्या शेवटी तिने पीकवार नफा काढला तेव्हा कांदा तोट्यात आणि टोमॅटो भरघोस नफ्यात दिसला. घरात चर्चा झाली, सासऱ्यांना ते पटत नव्हते, पण संगणकाचा कागद समोर असल्यावर त्यांचे कोण ऐकणार? पुढच्या हंगामात कांद्याचे क्षेत्र निम्म्यावर आणले गेले आणि टोमॅटो दुप्पट लावला गेला. ती माझ्याकडे आली तेव्हा लागवड होऊन गेली होती. ती म्हणाली, "सर, मामंजी अजून म्हणतात की कांद्यानेच घर चालवलंय. एकदा बघता का?"

आम्ही तारेत ओवलेल्या सगळ्या पट्ट्या काढून जमिनीवर मांडल्या. त्यांतली एक जशीच्या तशी सांगतो. चौऱ्याऐंशी गोणी, ४२ क्विंटल कांदा, दहा किलोला १४५ रुपये भाव, एकूण ६०,९०० रुपये. त्याखाली हमाली-तोलाईचे ९००, गाडीभाड्याचे ४,००० आणि 'उचल वजा' म्हणून १५,००० रुपये कापलेले होते आणि शेवटी ४१,००० रुपये बँकेत आलेले होते. तिने सॉफ्टवेअरमध्ये 'कांदा विक्री ४१,०००' अशी एकच नोंद केली होती. त्यामुळे क्विंटलला १,४५० रुपयांनी विकलेला कांदा हिशोबात साधारण ९७६ रुपयांनी गेला.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावले असते. परंतु ती उचल मार्चमध्ये टोमॅटोच्या लागवडीसाठी, म्हणजे मल्चिंग, तार आणि बांबू यांसाठी घेतलेली होती, आणि पैसे आले त्या दिवशी तिने ती रक्कम 'टोमॅटो जमा' या खात्यात टाकली होती. म्हणजे आडतदाराकडून घेतलेले कर्ज टोमॅटोचे उत्पन्न ठरले आणि त्याची फेड कांद्याच्या विक्रीतून वजा झाली. हंगामभरात अशी एकूण ९०,००० रुपयांची उचल होती. कांदा ९०,००० रुपयांनी खाली गेला, टोमॅटो तेवढ्यानेच वर चढला, आणि दोन पिकांमध्ये १,८०,००० रुपयांचा असा फरक दिसू लागला, जो शेतात कुठेच नव्हता. दुरुस्त करून अहवाल पुन्हा काढला तेव्हा सासऱ्यांचे म्हणणे बरोबर निघाले. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि दोष तिचा नव्हता. पट्टी कशी फोडायची हे तिला कोणी शिकवलेच नव्हते.

योग्य रीत पुढीलप्रमाणे आहे. आडतदाराच्या नावाचे खाते उघडावे. उचल घेतली त्या दिवशी टॅलीत एफ ६ ही कळ दाबून आवक नोंद करावी आणि ती त्याच्या खात्याला जमा (क्रेडिट) करावी. ती देणी आहे, उत्पन्न नाही. पट्टी आली की एफ ८ मध्ये पूर्ण ६०,९०० रुपयांची विक्री त्याच्या खात्याच्या नावे (डेबिट) टाकावी. हमाली, तोलाई आणि भाडे एफ ७ च्या जर्नल नोंदीने, म्हणजे रोकड किंवा बँक न हलता दोन खात्यांत होणाऱ्या नोंदीने, खर्चाला नावे आणि त्याला जमा करावे, आणि बँकेत आलेले ४१,००० पुन्हा एफ ६ मध्ये घ्यावेत. हे सर्व झाल्यावर त्याचे खाते शून्यावर, किंवा उचल फिटायची राहिली असेल तर नेमके तेवढ्या बाकीवर आले पाहिजे. ते तसे येत नसेल तर काहीतरी राहिले आहे असे समजावे आणि ते सापडेपर्यंत पुढची पट्टी हातात घेऊ नये, असा माझा शिरस्ता आहे.

या पद्धतीचा आणखी एक लाभ मला मोठा वाटतो. पट्टी फोडून लिहिली की प्रत्येक कपात नजरेखालून जाते. राज्यात २०१६ पासून फळे आणि भाजीपाला यांची आडत, म्हणजे आडतदाराचे कमिशन, शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची आहे. तरीही एखाद्या पट्टीत निराळ्या नावाने ती रक्कम कापलेली असेल, तर निव्वळ आकडा लिहिणाऱ्याला ते वर्षानुवर्षे कळत नाही.

एप्रिल ते मार्च हेच पिकाचे वर्ष मानणे

सॉफ्टवेअर १ एप्रिलला वर्ष सुरू करते, तलाठ्याचे महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, आणि पीक या दोघांकडेही पाहत नाही. आपल्याकडचा उन्हाळी कांदा डिसेंबर-जानेवारीत लागतो, एप्रिलमध्ये निघतो, बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, राहतो आणि भाव पाहून दिवाळीपर्यंत विकला जातो. म्हणजे रोपे, खते आणि खुरपणी यांचा खर्च एका आर्थिक वर्षात पडतो आणि सगळी विक्री दुसऱ्यात. ३१ मार्चचा नफा-तोटा पाहून कांद्याविषयी निर्णय घेणे म्हणजे उभ्या पिकाला मधोमध चिरून पाहण्यासारखे आहे.

यासाठी टॅलीतील कॉस्ट सेंटरची, म्हणजे खर्च आणि उत्पन्न पीकवार वेगळे दाखवण्याची, सोय वापरावी आणि प्रत्येक पिकाला हंगाम व तुकडा यांसह नाव द्यावे, उदाहरणार्थ 'कांदा रब्बी २०२४-२५ विहिरीचा तुकडा'. प्रत्येक खर्च आणि प्रत्येक पट्टी त्याला जोडावी, आणि अहवाल काढताना कालावधी पहिल्या नांगरटीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत ठेवावा. नुसते 'कांदा' हे नाव पुरत नाही, कारण पुढच्या वर्षीचा कांदा त्याच नावात मिसळतो आणि मग तो कोणालाही वेगळा काढता येत नाही.

उधारी फेडली त्या दिवशी खर्च लिहिणे

कृषी सेवा केंद्रातून कांद्यासाठी खत फेब्रुवारीत आणले आणि पैसे जूनमध्ये टोमॅटोचा पहिला तोडा झाल्यावर दिले, तर खर्च फेब्रुवारीचा आहे आणि तो कांद्याचा आहे. खरेदीच्या दिवशीच एफ ९ मध्ये दुकानदाराच्या खात्याला जमा करून नोंद केली की देणी किती साचली हेही दिसत राहते. जी मंडळी फक्त दिलेले पैसे लिहितात, त्यांना आपण दुकानदाराचे किती देणे लागतो हे त्याच्याच वहीतून कळते, आणि त्या वहीतल्या व्याजाविषयी काही बोलता येत नाही. बिलावर जीएसटी निराळा दाखवलेला असला तरी नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याने तो निराळा ठेवू नये; त्याला तो परत मिळत नाही, म्हणून बिलाची संपूर्ण रक्कम हाच खर्च.

पंधरा दिवसांचे एकदम टाकणे आणि मग जुळवणे

मला सर्वाधिक त्रास देणारी सवय ही आहे. नव्याने शिकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी लॅपटॉप उघडून अहवाल पाहायचा असतो. मी पहिले पंधरा दिवस त्यांना वहीच देतो, आणि त्यावरून काही जण नाराज होऊन निघूनही जातात. तरीही मी ते बदललेले नाही, कारण ज्याला रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटे बसून तारीख, कोणाला, कशासाठी, कोणत्या तुकड्यासाठी आणि रोख की बँकेतून या पाच गोष्टी लिहिण्याची सवय नाही, त्याला कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगी पडणार नाही.

पंधरवड्याचे एकदम टाकायला बसले की रोजंदारीचे दिवस विसरतात, तारखा मागेपुढे होतात आणि रोकड शिल्लक उणे दिसू लागते. कपाटातली रोकड उणे होऊ शकत नाही. रोकड उणे दाखवली जाते तेव्हा एखादी आवक लिहायची राहिलेली असते किंवा तारीख चुकलेली असते. अशा वेळी अधीर माणूस 'घरून आणले २०,०००' अशी खोटी नोंद टाकून मोकळा होतो. मी अशा नोंदी असलेला हिशोब तपासायला घेत नाही. आधी ती नोंद पुसावी आणि उणे दिसलेल्या पहिल्या दिवसापासून वही पुढे वाचत यावी, एवढेच सांगतो. बहुतेक वेळा मोबाईलवरून आलेले पैसे, शेजाऱ्याने परत केलेले हातउसने किंवा किरकोळ विक्रीची दोन क्रेट सापडतात. ज्याला चूक शोधण्याचा कंटाळा आहे त्याने निदान 'फरक' या नावाचे खाते उघडून रक्कम उघडपणे तिथे ठेवावी. ती डोळ्यांना खुपत राहते आणि तिने खुपत राहावे हेच बरे.

नावे आणि जमा यांचा गोंधळही याच घाईत होतो. बँकेच्या पासबुकात आपण भरलेली रक्कम 'जमा' दिसते, आणि आपल्या वहीत मात्र तीच रक्कम बँक खात्याच्या 'नावे' पडते. पासबुक हे बँकेच्या वहीतले आपले पान आहे, आपल्या वहीतले बँकेचे पान नव्हे, हे मी पासबुक आणि वही शेजारी शेजारी ठेवूनच दाखवतो. फळ्यावर हे समजत नाही.

पीककर्जाचे नवे-जुने

मार्चअखेर कर्ज भरायचे आणि काही दिवसांत पुन्हा उचलायचे, याच्या दोन स्वतंत्र नोंदी हव्यात. मुदतीत फेड केली तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते हे खरे आहे. परंतु ते भरण्यासाठी आठ-दहा दिवस कोणाकडून पैसे घेतले असतील, तर त्याचे व्याजही त्याच कर्जाचा खर्च आहे. ते व्याज कोणीही लिहीत नाही, आणि मी प्रत्येक तुकडीत ते मुद्दाम विचारतो.

इतर चुका थोडक्यात सांगतो. ठिबकचे अनुदान उत्पन्नात टाकू नये, ते ठिबक संचाच्या किमतीतून वजा करावे आणि उरलेली किंमत जितकी वर्षे संच चालेल तितक्या वर्षांत विभागावी. पीएम किसानचे वर्षाला मिळणारे ६,००० रुपये कोणत्याही पिकाच्या खात्यात टाकू नयेत. किराणा आणि शाळेची फी शेतीच्या खर्चात टाकू नये, त्यासाठी घरखर्च-उचल असे एक खाते पुरते. आळेफाट्याला कांद्याचा भाव दहा किलोचा असतो, लासलगावला क्विंटलचा आणि नारायणगावला टोमॅटोचा भाव वीस किलोच्या क्रेटचा, म्हणून मालाचे एकक पहिल्याच दिवशी किलो ठेवावे आणि नंतर बदलू नये. 'मजुरी' आणि 'मजूरी' अशी दोन खाती एकाच घरात मी अनेकदा पाहिली आहेत. खात्यांची यादी छापून भिंतीला लावावी आणि तिच्यात नसलेले खाते घरातल्या एकाच माणसाने उघडावे.

घरच्या माणसांचे श्रम मात्र एका ओळीत संपवता येत नाहीत. रोख दिले नाही म्हणून आईचे आणि बायकोचे खुरपणीचे दिवस कुठेच दिसत नाहीत, आणि सावडीने, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने, केलेले काम तर कोणाच्याच हिशोबात येत नाही. केंद्र सरकारही हमीभाव ठरवताना प्रत्यक्ष खर्चात घरच्या श्रमांचे मूल्य मिळवते. मी वहीत शेवटच्या रकान्यात 'घरचे दिवस' लिहून घेतो आणि पिकाच्या अहवालाखाली त्या दिवशीच्या रोजाने त्यांची रक्कम मांडतो. अनेक घरांत पुरुष हा रकाना पाहून प्रथमच गप्प होतात.

उत्पादक कंपनीचे हिशोब लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद राखणारेच सॉफ्टवेअर वापरावे लागते आणि ती सोय बंद करता येत नाही. त्यामुळे मागच्या तारखेची नोंद बदलून ठेवली तर कोणी, केव्हा आणि काय बदलले हे लेखापरीक्षकाला दिसते. चूक झाली असेल तर ती खोडण्याऐवजी दुरुस्तीची जर्नल नोंद करावी आणि शेऱ्यात कारण लिहावे.

पट्ट्या आणि काट्याच्या पावत्या यांचा त्याच दिवशी फोटो काढावा, कारण थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते आणि हिशोबाच्या वेळी हातात कोरा कागद उरतो. बॅकअप दर रविवारी दोन पेनड्राइव्हवर घ्यावा आणि त्यांतला एक भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या घरी ठेवावा. वीज पडून किंवा दाब वाढून लॅपटॉप जळतो तेव्हा त्याच खणातला पेनड्राइव्हही बरेचदा त्याला जोडलेलाच असतो.