भूवापर नियोजनात संगणकीय मॉडेल कसे वापरावे

मॉडेल निवडण्याआधी, ज्या निर्णयासाठी ते हवे आहे तो निर्णय कागदावर लिहावा. ‘वस्ती वाढली तर पर्यावरणाचे काय होईल?’ हा प्रश्न फार सैल आहे. ‘शंभर हेक्टर शेतजमीन निवासी केली, तर ओढ्याचा पूर वरच्या उतारावर अधिक वाढेल की खालच्या?’ हा प्रश्न मॉडेलला झेपतो. कोणते मॉडेल घ्यायचे हे प्रश्नावरूनच ठरते: शेतीप्रधान पाणलोटातील प्रवाह आणि गाळ यांसाठी स्वॅट, शहरातील पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी एसडब्ल्यूएमएम, पूररेषेसाठी हेक-रास, शहराच्या विस्तारासाठी स्ल्यूथ. पहिली तिन्ही विनामूल्य मिळतात. खरा खर्च माहिती गोळा करण्यात आणि ती निस्तरण्यात होतो.

भूवापराचे नकाशे बहुधा उपग्रह प्रतिमांवरून तयार होतात. लँडसॅटच्या प्रतिमेतील एक चौकट 30 मीटरची, म्हणजे 900 चौरस मीटरची असल्याने अरुंद ओढा किंवा बांधावरची झाडे तिच्यात हरवतात. सेंटिनेल-2 ची 10 मीटरची चौकट अशा ठिकाणी बरी पडते. दोन वर्षांच्या नकाशांत वर्गवारी एकच ठेवावी, नाहीतर वर्गीकरणातला फरक जमिनीवरचा बदल म्हणून मोजला जातो.

पडताळणीत मात्र घाई करू नये. प्रवाहाच्या नोंदींचे दोन भाग करून, दोन्हींत ओली व कोरडी वर्षे राहतील असे पाहून, एका भागावर मॉडेल जुळवावे आणि दुसऱ्यावर तपासावे. मॉडेलने काढलेला प्रवाह मोजलेल्या प्रवाहाशी किती जुळतो हे 1970 साली मांडलेला नॅश-सटक्लिफ गुणांक सांगतो. तो 1 आला तर जुळणी अचूक. शून्य आला तर मोजलेल्या प्रवाहाची नुसती सरासरी वापरली असती तरी तेवढेच साधले असते. भूवापराच्या मॉडेलमध्ये याहून मोठा चकवा आहे. समजा, दहा वर्षांत 5 टक्के जमीनच बदलली. मग ‘काहीच बदलले नाही’ असे सांगणारा नकाशाही 95 टक्के बरोबर ठरतो, आणि 90 टक्के अचूकता मिरवणारे मॉडेल त्याच्याहूनही मागे राहते. म्हणून अचूकता बदललेल्या चौकटींपुरती वेगळी मोजावी.

त्यानंतर भूवापराचे तीन-चार पर्याय मॉडेलमध्ये चालवावेत. त्यांतला एक ‘आहे तसेच चालू राहिले तर’ हा असावाच. प्रत्येक पर्याय, अनिश्चित घटकांची मूल्ये वर-खाली करून, पुन्हा चालवावा. आकडे हलले तरी पर्यायांचा क्रम टिकला, तर तो क्रम नियोजकांपुढे ठेवता येतो. क्रम उलटला, तर तो ज्या घटकामुळे उलटला त्याची प्रत्यक्ष मोजणी आधी करून घ्यावी.