न्यायालयाने ठोठावलेला दंड थकला असेल तर

शिक्षा ऐकताना दंडाचा आकडा तेवढा लक्षात राहतो आणि आदेशातले पुढचे वाक्य, ‘दंड न भरल्यास ३० दिवस साधी कैद’, कानाआड होते. खटला दापोलीचा असो की कुडाळचा, आदेशाची प्रत मिळताच तेच वाक्य आधी वाचावे.

शिक्षा केवळ दंडाची असेल आणि पैसे जवळ नसतील, तर त्याच दिवशी मुदतीचा अर्ज द्यावा. फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ नुसार न्यायालय बंधपत्र (हजर राहण्याची लेखी हमी) घेऊन ३० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते, किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकते. अर्जात मिळकतीची खरी स्थिती लिहावी. आंब्याचा हंगाम सरला आहे, होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली आहे, हे कोकणातल्या न्यायालयाला ठाऊक असेलच असे धरून चालू नये.

रक्कम भरल्यावर पावतीवरील खटला क्रमांक, नाव आणि आकडा खिडकीपाशीच ताडून पाहावा. पावसाळ्यात ती पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच घरी न्यावी. शाई फुटलेला कागद पुढे कोणी मानत नाही.

दंडाअभावी कैद सुरू झाली तरी वाट बंद होत नाही. दंड ३,००० रुपये आणि त्याऐवजी कैद ३० दिवसांची असेल, तर १० दिवस भोगल्यानंतर २,००० रुपये भरताच सुटका होते, कारण उरलेल्या हजाराची कैद तोवर भोगून झालेली असते. नातेवाइकांना हा हिशेब सहसा कोणी सांगत नाही.

दंड थकवला तर याच संहितेच्या कलम ४६१ खाली जंगम मालमत्ता जप्त होऊ शकते, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होऊ शकते. सामाईक सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ही वसुली साधारणपणे शिक्षेपासून ६ वर्षांपर्यंत करता येते, आणि दोषी व्यक्ती मरण पावली तरी तिची मालमत्ता त्यातून सुटत नाही. दंडाऐवजीची कैद पूर्ण भोगली असेल, तर मात्र विशेष कारणे लेखी नोंदवल्याशिवाय वसुलीचे वॉरंट (न्यायालयाचा लेखी हुकूम) काढता येत नाही. पीडिताला द्यायच्या भरपाईला ही सवलत नाही.

कैदी खरोखरच गरीब असेल, तर केंद्र सरकारच्या २०२३ च्या गरीब कैदी साहाय्य योजनेतून २५,००० रुपयांपर्यंतचा दंड भरला जाऊ शकतो. त्यासाठी कारागृह अधीक्षकांकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी विनंती करावी. विधी सेवेचा विनाशुल्क दूरध्वनी १५१०० आहे.