एनसीएए ट्रान्सफर: पोर्टलमध्ये नाव टाकण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेत कॉलेजकडून खेळणाऱ्या मुलामुलींना कॉलेज बदलणं गेल्या काही वर्षांत बरंच सोपं झालं आहे. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने (कॉलेजांचे खेळ चालवणारी संघटना) डिव्हिजन १ च्या, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या, खेळाडूंना कितीही वेळा ट्रान्सफर घेऊन लगेच खेळायची मुभा दिली. त्याआधी दुसऱ्यांदा कॉलेज बदललं की खास सूट मिळाल्याशिवाय वर्षभर बाकावर बसावं लागायचं. मात्र या मुभेला अटी आहेत आणि त्या मुख्यतः अभ्यासाच्या आहेत. जुनं कॉलेज सोडताना खेळाडू तिथे अभ्यासाच्या निकषांवर पात्र हवा, शिस्तभंगाच्या कारवाईखाली निलंबित नको आणि नव्या कॉलेजच्या हिशेबाने त्याची पदवीकडे पुरेशी वाटचाल झालेली हवी. घोडं अडतं ते बहुतेक वेळा या तिसऱ्या अटीवर.

मिळवलेले क्रेडिट आणि धरलेले क्रेडिट

डिव्हिजन १ मध्ये तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचा ४० टक्के, चौथं सुरू होताना ६० आणि पाचवं सुरू होताना ८० टक्के भाग पूर्ण झालेला असावा लागतो. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं एकक. १२० क्रेडिटच्या पदवीत हे आकडे ४८, ७२ आणि ९६ होतात. हे टक्के जुन्या कॉलेजच्या पदवीचे धरत नाहीत. नवं कॉलेज आपल्या पदवीच्या चौकटीत ते नव्याने मोजतं.

एक उदाहरण घेऊ. एका टेनिसपटूने दोन वर्षांत ६२ क्रेडिट केले. जुन्या कॉलेजात ती निर्धास्त होती. नव्या कॉलेजात ती अर्थशास्त्र सोडून कॉम्प्युटर सायन्स घेते. तिथले लोक सगळे ६२ क्रेडिट ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) घेतात, पण नव्या पदवीला त्यांतले ४१ च लागू होतात. म्हणजे ४८ ला ७ कमी. ऑगस्टमध्ये ती सरावाला येते तेव्हा हे उघड होतं आणि सीझन हातचा जातो. हेच मे महिन्यात कळलं असतं, तर उन्हाळ्यात तीन-तीन क्रेडिटचे तीन विषय करून खड्डा भरता आला असता.

म्हणून नव्या कॉलेजच्या ॲकॅडमिक ॲडव्हायझरकडून लेखी डिग्री ऑडिट मागा. त्यात कोणता विषय कशासाठी धरला हे एकेक करून लिहिलेलं असतं. ‘आमच्याकडे सगळे क्रेडिट घेतात’ हे कोचचं वाक्य खोटं नसतं, पण अपुरं असतं. पात्रतेवर सही कोच करत नाही. ते काम कम्प्लायन्स ऑफिस (नियमपालन पाहणारा विभाग) आणि रजिस्ट्रारचं. कॉलेज आणि मेजर (पदवीचा मुख्य विषय) दोन्ही एकदम बदलणाऱ्याने तर ऑडिट पाहिल्याशिवाय कुठेही होकार देऊ नये. एखादा विषय नाकारला गेला, तर त्याचा तपशीलवार सिलॅबस पाठवून फेरविचार मागता येतो. सगळे सिलॅबस पीडीएफमध्ये आधीच जमवून ठेवा. जुन्या कॉलेजचं लॉगिन बंद झालं की ते मिळवताना नाकी नऊ येतात.

परीक्षा न देता निघणं

ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, नाव गेलं, नव्या कोचचे फोन सुरू झाले, मग डिसेंबरची परीक्षा कशाला द्यायची असं काहींना वाटतं. ही चूक महागात पडते. प्रत्येक सेमिस्टरला किमान ६ क्रेडिट, शैक्षणिक वर्षात १८ आणि दुसरं वर्ष सुरू होण्याआधी एकूण २४ क्रेडिट पास व्हावे लागतात. शेवटच्या सेमिस्टरमध्ये गटांगळी खाल्ली तर ‘पात्र असताना सोडलं’ ही पहिलीच अट मोडते. जीपीएचंही (गुणांच्या सरासरीचंही) तसंच. पदवीसाठी २.० लागत असेल, तर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला १.८, तिसऱ्याच्या १.९ आणि चौथ्यापासून पूर्ण २.० हवा.

पोर्टल म्हणजे हमी नव्हे

ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेलं ट्रान्सफर पोर्टल ही फक्त एक यादी आहे. खेळाडू स्वतः त्यात नाव घालू शकत नाही. तो कम्प्लायन्स ऑफिसला लेखी कळवतो आणि डिव्हिजन १ मध्ये कॉलेजने ते नाव कामकाजाच्या दोन दिवसांत टाकायचं असतं. कोचला तोंडी सांगणं म्हणजे कळवणं नाही. ईमेल करा, तारीख-वेळेसह जपून ठेवा. विंडोच्या (नाव टाकण्याच्या ठरलेल्या मुदतीच्या) शेवटच्या दिवशी अर्ज केलेल्यांना हीच ईमेल कामाला येते.

विंडो प्रत्येक खेळाची वेगळी असते आणि तारखा बदलत राहतात. अमेरिकन फुटबॉलला पूर्वी हिवाळ्यात एक आणि एप्रिलमध्ये एक अशा दोन विंडो होत्या. २०२६ साठी त्या जागी २ ते १६ जानेवारी अशी एकच ठेवली गेली. त्यामुळे सिनियर खेळाडूने दोन वर्षांपूर्वी काय केलं यावर विसंबू नका, चालू वर्षाच्या तारखा पाहा.

नाव टाकताच जुन्या कॉलेजला तुमची ॲथलेटिक स्कॉलरशिप त्या टर्मअखेर कमी किंवा बंद करता येते. नाव मागे घेता येतं, पण जागा आणि पैसे परत देण्याचं बंधन कॉलेजवर नसतं. ‘बघू तरी कोण विचारतंय’ म्हणून नाव टाकणारे इथेच फसतात. विचारणा भरपूर येतात, लेखी ऑफर थोड्यांनाच मिळते.

भारतातून गेलेल्यांचं घड्याळ

पुण्याचे अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून आणि ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून टेनिस खेळले. त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. डिव्हिजन १ मध्ये पाच वर्षांत चार सीझन, असा नियम चालत आला आहे. ही पाच वर्षं अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून मोजत नाहीत. जगातल्या कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेऊन वर्गात बसल्यापासून ती सुरू होतात. ‘व्हिसा येईपर्यंत एफवायला ॲडमिशन घेऊन ठेवू’ या सावधगिरीपायी इथेच एक वर्ष खर्ची पडतं, एकही सामना न खेळता. शिवाय असा खेळाडू अमेरिकेत फ्रेशर राहत नाही. तो ट्रान्सफर ठरतो आणि वरचा सगळा क्रेडिटचा हिशेब त्याला लागू होतो.

बारावीनंतर वर्षभर फक्त स्पर्धा खेळणंही फुकट नसतं. टेनिसमध्ये सहा महिन्यांची आणि बहुतेक इतर खेळांत एक वर्षाची सवलत असते. त्यानंतर आयोजित स्पर्धा खेळत राहिलं तर सीझन कापले जाऊ शकतात. आणि फॉर्म भरताना अकरावी-बारावीचं ज्युनियर कॉलेज शाळेच्या रकान्यातच घाला. अमेरिकेत त्या नावाने बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज ओळखलं जातं, आणि तिथून डिव्हिजन १ मध्ये यायला २.५ जीपीएसह वेगळ्या अटी आहेत.

डिव्हिजन ३ चं प्रकरण सुटसुटीत आहे. तिथे ॲथलेटिक स्कॉलरशिप नाही, आणि एका डिव्हिजन ३ कॉलेजमधून दुसऱ्यात जायचं तर खेळाडू सेल्फ-रिलीजचा फॉर्म स्वतःच भरू शकतो.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावाल्यांसाठी

इथे दोन वेगळी खाती आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. एनसीएएचं पोर्टल तुमचा व्हिसा हलवत नाही. त्यासाठी इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे कागद पाहणारा कॉलेजचा अधिकारी) सांगून सेव्हिस रेकॉर्ड, म्हणजे सरकारी यंत्रणेतली तुमची नोंद, ट्रान्सफर करावं लागतं. नव्या कॉलेजचं प्रवेशपत्र आणि स्कॉलरशिपची सही झालेली प्रत हातात आल्यावरच रिलीजची, म्हणजे ही नोंद नव्या कॉलेजकडे जाण्याची, तारीख ठरवा. त्या तारखेपर्यंत ट्रान्सफर रद्द करता येते. तारीख उलटली की जुन्या कॉलेजच्या हातात काही उरत नाही. रिलीजनंतर पाच महिन्यांच्या आत नवे वर्ग सुरू व्हायला हवेत, आणि वर्ग सुरू होण्याच्या तारखेपासून १५ दिवसांत नव्या डीएसओकडे नोंद करावी लागते. सेव्हिसची आय-९०१ फी पुन्हा भरावी लागत नाही, कारण सेव्हिस आयडी तोच राहतो.

शेवटच्या सेमिस्टरला ‘एवीतेवी जायचंच आहे’ म्हणून एखादा विषय सोडला आणि क्रेडिट १२ च्या खाली गेले, तर एकाच वेळी दोन्हीकडे गोत्यात याल. डीएसओच्या परवानगीशिवाय व्हिसाची स्थिती मोडते आणि पूर्णवेळ विद्यार्थी न राहिल्यामुळे खेळण्याची पात्रताही जाते.

१ जुलै २०२५ पासून डिव्हिजन १ ची कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, त्यामुळे ट्रान्सफरच्या बोलण्यात आता रक्कमही असते. एफ-१ वर मात्र कामाची परवानगी मर्यादित आहे. जाहिरातीचं शूट असो की ऑटोग्राफचा कार्यक्रम, अमेरिकेत राहून केलेलं काम परवानगीविना रोजगार ठरू शकतं. करार इमिग्रेशन वकिलाने वाचल्याशिवाय सही नको. कॉलेजचा किंवा एजंटचा वकील त्यांची बाजू पाहतो, तुमचा व्हिसा नव्हे.

मधल्या सुट्टीत भारतात येणार असाल, तर परतताना नव्या कॉलेजचा आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) सोबत हवा. पासपोर्टवरच्या व्हिसावर जुन्या कॉलेजचं नाव असलं तरी चालतं, मुदत मात्र संपलेली नसावी. ती संपत आली असेल तर येण्याआधी कॉन्सुलेटच्या अपॉइंटमेंटच्या तारखा पाहा आणि त्या सराव सुरू होण्याच्या दिवसाशी जुळवूनच तिकीट काढा.